एका टक्क्याचा डोंगर

समजा, एका माणसाला काम दिलं. दर सेकंदाला एक रुपया मोजायचा. जेवायची सुट्टी नाही, झोप नाही, दिवाळी नाही. एक लाख रुपये मोजायला त्याला अठ्ठावीस तास लागतील. एक कोटीला ११६ दिवस. आणि ४६,००० कोटी मोजायला साडेचौदा हजार वर्षं. हे काम आज संपवायचं तर त्या बाबाने मोजणीला सुरुवात केव्हा करायला हवी होती? माणूस रानटी गवताचे दाणे गोळा करत हिंडत होता तेव्हा. दाणा पेरला की उगवतो, हेही त्याला अजून कळायचं होतं.

४६,००० कोटी हा आकडा महाराष्ट्राच्या कानावर पडला तो २०२४च्या जूनच्या शेवटी. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा हा वर्षाचा अंदाजित खर्च. बाईचं वय २१ ते ६५, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दारात चारचाकी नाही (ट्रॅक्टर चालेल), तर महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात. हिशेब तोंडी करता येईल इतका सोपा: अडीच कोटी बायका गुणिले १,५०० गुणिले बारा, म्हणजे ४५,००० कोटी. राज्यातल्या साधारण दर पाच माणसांमागे एका माणसाच्या खात्यात सरकार दर महिन्याला पैसे टाकणार. सेकंदाचा दर काढला तर १४,६०० रुपये. मागची दोन वाक्यं वाचायला तुम्हाला पाच सेकंद लागले असतील, तर तेवढ्यात जवळपास पन्नास बहिणींचा हप्ता निघाला.

समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर, खर्च सुमारे ५५,००० कोटी. या योजनेच्या एका वर्षाच्या पैशात नागपूरहून निघून शिर्डी ओलांडून इगतपुरीच्या अलीकडे पोचता येईल एवढा समृद्धी बांधून होतो. अटल सेतूला १७,८४० कोटी लागले. तसे अडीच सेतू. दर वर्षी.

असे आकडे ऐकले की शहरातल्या माणसाचा जीव वरखाली होतो. ‘राज्य बुडणार’, ‘लोकांना आयतं खायची सवय लागली’, ‘शेतावर यायला माणूस नाही’ ही वाक्यं त्या पाठोपाठ ठरल्यासारखी येतात. म्हणून आता तोच माणूस दुसऱ्या कामाला लावू या. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राचं सकल राज्य उत्पन्न ४५.३१ लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज सरकारच्याच आर्थिक पाहणीने दिला. हे मोजायला आपल्या माणसाला चौदा लाख वर्षं पुरणार नाहीत, वर आणखी छत्तीस हजार लागतील. आपली मानवजात, म्हणजे आज पृथ्वीवर चालते-बोलते तो प्राणी, जेमतेम तीन लाख वर्षांचा. या डोंगराशेजारी आधीचा ४६,००० कोटींचा डोंगर ठेवला तर तो भरतो बरोबर एक टक्का. राज्य वर्षभरात शंभर रुपये कमावतं, त्यातला एक रुपया या योजनेत जातो.

साडेचौदा हजार वर्षंही खरी आणि एक टक्काही खरा. राजकीय भाषणांत विरोधक पहिला आकडा वापरतात, सत्ताधारी दुसरा, आणि सत्ता बदलली की आकड्यांचीही अदलाबदल होते. आकड्याने थक्क व्हायला हरकत नाही, पण थक्क होऊन मत बनवू नये. शंभरातला एक रुपया अशा रीतीने वाटला तर अर्थव्यवस्था सुधारते की नासते, हे तो रुपया आला कुठून आणि गेला कुठे यावर ठरतं.

आधी गेला कुठे ते पाहू.

महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. केंद्राच्या २०२३-२४च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत खेड्यातला दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला. चार माणसांचं घर धरलं तर साडेसोळा हजार. त्यात बहिणीचे १,५०० म्हणजे नऊ टक्के. दुसऱ्या मापाने मोजा: २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे हा हप्ता पाच दिवसांच्या मजुरीएवढाही नाही. पाच दिवसांच्या मजुरीवर एखादी बाई तीस दिवस घरी बसून खाते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा किराण्याची यादी आपल्या हाताने करावी. गॅसची टाकी, पोराची वही-पेन, सासूच्या बीपीच्या गोळ्या आणि मोबाइलचं रिचार्ज एवढ्यातच ते पैसे संपतात.

आळसाचा हा आरोप तपासून झालेला आहे, नुसत्या चर्चेत नव्हे, प्रत्यक्ष प्रयोगांत. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात सरकारी रोख-मदत योजनांची आकडेवारी एकत्र तपासली. पैसे मिळालेली कुटुंबं आणि न मिळालेली कुटुंबं यांच्या कामाच्या तासांत फरक पडल्याचा ठोस पुरावा एकाही योजनेत सापडला नाही. इराणने तर २०१०च्या डिसेंबरात इंधनावरचं अनुदान काढून जवळजवळ प्रत्येक नागरिकाला महिन्याला ४५,५०० तोमान देणं सुरू केलं. ती रक्कम लहानसहान नव्हती. तरीही तिथल्या अर्थशास्त्रज्ञांना लोकांनी काम सोडल्याचं दिसलं नाही. इराणचं पुढे जे झालं ते वेगळ्याच कारणाने, त्याकडे नंतर येतो.

मग ‘मजूर मिळत नाही’ ही तक्रार खोटी का? नाही, ती खरी आहे, आणि पन्नास वर्षं जुनी आहे. तिचा उगम महाराष्ट्रातच आहे.

१९७२. लागोपाठच्या अवर्षणांनी राज्य होरपळलं होतं, त्यात हे साल सगळ्यांत वाईट. त्या काळातली माणसं अजून आहेत घराघरांत. ती लाल मिलोच्या भाकरीची चव सांगतात, कामावर वाटली जाणारी सुकडी आठवतात, आणि खडी फोडताना उडालेल्या कपचीची खूण दाखवतात. सरकारने दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. ज्याला हवं त्याने यावं, नाव हजेरीपटावर लावावं, घमेलं-कुदळ घ्यावी. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. १९७१च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटी. म्हणजे म्हातारेकोतारे, तान्ही बाळं, मुंबईतले गिरणीवाले, मलबार हिलवरचे शेठ असे सगळे धरून महाराष्ट्रातला दर दहावा माणूस त्या महिन्यात सरकारी कामावर माती उपसत होता. आज त्या प्रमाणात काम काढायचं तर सव्वा कोटी माणसं रोज हजेरीपटावर घ्यावी लागतील. जगात लाखालाखाने माणसं मारणारे दुष्काळ ज्या शतकात पडले त्याच शतकात, एवढं पीक बुडूनही महाराष्ट्रात भूकबळींचा तसा खच पडला नाही. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचं श्रेय या कामांना दिलं आहे. मजुराच्या हाती रोख मजुरी आली, म्हणून त्याच्या गावापर्यंत धान्य विकायला येणं व्यापाऱ्यालाही परवडलं.

या विचारामागे एक नाव आहे: वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. दुष्काळाच्या कितीतरी आधी, १९६५ साली, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी याचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळाने तो प्रयोग राज्यभर नेला, १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आलं नाही तर बेकारभत्ता. हा हक्क कायद्याने देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

रोजगार हमी योजनेची, म्हणजे रोहयोची, खरी हुशारी तिच्या दारात होती. कोण गरीब हे ठरवायला तिला तलाठ्याचा दाखला लागत नसे, उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र लागत नसे, ई-केवायसी लागत नसे. वैशाखाच्या उन्हात मापावर मजुरी घेऊन माती खणायला जो येईल तो गरजू. खात्यापित्या घरचा माणूस येत नाही, कुणी अडवल्याशिवायच. आणि पाऊस पडला, शेतात कामं निघाली, की तीच माणसं आपोआप परत जातात. दुष्काळात खर्च वाढतो, सुकाळात घटतो, त्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक घ्यावी लागत नाही. भ्रष्टाचार झाला नाही असं कोण म्हणेल? खोटे हजेरीपट, मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी, पहिल्याच पावसात वाहून गेलेले बांध, सगळं झालं. म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, दिवस गेलेल्या बाईला या दाराचा उपयोगही नव्हता. पण रचना पक्की होती.

बागायतदाराला ती सुरुवातीपासून खुपली. सरकारी कामावर ठरलेला दाम मिळतो म्हटल्यावर मजूर शेतावर त्याहून कमीत यायला तयार होईना. हे गाऱ्हाणं किती खरं, याचं उत्तर थेट मोजून मिळायला २००६ साल उजाडून पुढे बरीच वर्षं जावी लागली. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात बंदलापल्ली गावी, महाराष्ट्राच्या रोहयोवर बेतलेल्या देशव्यापी योजनेचा, म्हणजे पुढच्या मनरेगाचा, आरंभ झाला. नंतर त्याच आंध्रात सरकारने मजुरी चुकती करण्याची पद्धत बदलली: बोटांच्या ठशाचं स्मार्टकार्ड, पैसे वेळेवर, गळती कमी. ही पद्धत कुठल्या मंडलात आधी आणि कुठे नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं गेलं. १५७ मंडलं, सुमारे एक कोटी नव्वद लाख लोकसंख्या. अर्थशास्त्रात एवढा मोठा प्रयोग क्वचित होतो.

कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी त्याचे निकाल मांडले. योजना नीट चालली तिथे मजूर कुटुंबांची कमाई १४ टक्क्यांनी वाढली, गरिबी २६ टक्क्यांनी घटली. इथपर्यंत समजण्यासारखं आहे. चक्रावून टाकणारा आकडा पुढे आहे. वाढलेल्या कमाईतला ८६ टक्के हिस्सा योजनेतून आलेलाच नव्हता. तो आला खासगी कामातून. योजनेतून मजुराची कमाई एक रुपयाने वाढली तेव्हा त्याच्या घरी बाहेरून आणखी सहा आले. का? ‘नाही जमत या दरात’ असं म्हणायची ताकद त्याच्यात आली, म्हणून बाजारातली मजुरी वाढली. दुसरी गोष्ट त्याहून नवलाची: मजुरी वाढूनही खासगी काम घटलं नाही, वाढलं. गावात नवी दुकानं, नवे बिगरशेती धंदे उभे राहिले, कारण आता गावात घेणारं गिऱ्हाईक होतं. आणि जिथे जमीन थोड्यांच्या हाती एकवटलेली, तिथे रोजगार जास्त वाढला.

म्हणजे बागायतदार खोटं बोलत नव्हता. त्याच अभ्यासात जमिनीवरचा नफा घटलेलाही दिसतो. त्याचं नुकसान झालंच. फक्त त्याच्या नुकसानीला अर्थव्यवस्थेचं नुकसान म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. तक्रार करायला त्याच्याकडे वर्तमानपत्र आहे, आमदार आहे, साखर कारखान्याचं संचालक मंडळ आहे. सहा रुपये मिळालेल्या बाईकडे यातलं काही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा आणला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार आला, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवस ही कामं बंद ठेवायची तरतूदही झाली. पन्नास वर्षांनी बागायतदाराचं म्हणणं कायद्याच्या कलमात जाऊन बसलं.

मनरेगाची ताकद किती होती याचा एकच आकडा देतो. टाळेबंदीच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, साडेसात कोटी कुटुंबांनी मनरेगावर सुमारे ३८९ कोटी दिवस काम केलं. दिवसांची वर्षं केली तर एक कोटीहून जास्त. शहरं बंद, गिरण्या बंद, आणि एका वर्षाच्या पोटात एक कोटी वर्षांचं काम. खर्च आला १ लाख ११ हजार कोटी. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांचा कर एका फटक्यात कमी केला गेला आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटेल असं सरकारनेच सांगितलं होतं. त्या वेळी फुकट वाटपाला हिणवणारा ‘रेवडी’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

केंद्राच्या फुकट धान्याचा आकडाही असाच डोंगराएवढा. ८१ कोटी लोक, माणशी महिन्याला ५ किलो. एका मालगाडीत २,७०० टन धान्य मावतं असं धरा. या योजनेसाठी देशात रोज पन्नास मालगाड्या रित्या व्हायला हव्यात, रविवारी आणि सणासुदीलाही. पाच वर्षांचा अंदाजित खर्च ११.८० लाख कोटी. तरी देशाच्या वार्षिक उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर हा खर्च टक्क्याच्या आतच राहतो.

आता दुसरा प्रश्न, रुपया आला कुठून. इथे माझं मत फिरतं.

केनियाच्या सियाया परगण्यात एका संस्थेने साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर दिले. अर्थशास्त्रज्ञांनी ६५३ गावांचा जमाखर्च तपासला. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढली, आणि भाव वाढले ते जेमतेम ०.१ टक्का. वाटपाचे समर्थक हा आकडा हमखास सांगतात. तो खराच आहे. पण ते डॉलर देणगीचे होते, बाहेरून आलेले. सियायातल्या कुणाच्या खिशातून ते काढले नव्हते. महाराष्ट्राला बाहेरून देणगी देणारं कुणी नाही.

१० मार्च २०२५ रोजी मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी. हा आकडा पुन्हा वाचा आणि लाडक्या बहिणीचा पहिला अंदाज आठवा. जुळी भावंडं म्हणावीत इतके दोन्ही सारखे. या एका योजनेमुळेच तूट आली असं म्हणणं अन्याय होईल. त्या वर्षी योजनेसाठी तरतूद ३६,००० कोटींची होती, आणि वेतन, पेन्शन, व्याज हे आधीपासूनचे मोठे वाटेकरी आहेतच. पण महसुली तूट याचा साधा अर्थ असा की रोजचा खर्च भागवायला कर्ज काढावं लागतं. त्या वर्षाअखेर राज्यावरचं कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज होता आणि नुसत्या व्याजाला साठ हजार कोटींच्या वर लागणार होते. म्हणजे बहिणींच्या हप्त्यापेक्षा सावकाराचा हप्ता मोठा. ऋण काढून सण साजरा करणं म्हणतात ते हेच. धरणासाठी कर्ज काढलं तर पुढच्या पिढीला धरण तरी मिळतं. महिन्याच्या किराण्यासाठी काढलं तर तिला वहीतली उधारी मिळते.

शिवाय पैसा कमी पडला की तो कुणाच्या ताटातून उचलला जातो तेही पाहावं. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचे मिळून सातशे कोटींहून जास्त रुपये या योजनेकडे वळवले गेले. त्या-त्या प्रवर्गातल्या बहिणींसाठीच ते आहेत, असं सरकारचं म्हणणं. त्यावर सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. विधानसभेच्या निवडणुकीत हप्ता २,१०० रुपये करण्याचं आश्वासनही दिलेलं होतं. अडीच कोटी बायकांना ते द्यायचं तर वर्षाला ६३,००० कोटी.

मग चाळणी लागली. जून २०२५ पासून २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा हप्ता थांबवला गेला. कुणी दोन योजनांचा लाभ घेत होतं, कुठे एका घरात दोनाहून जास्त नावं होती. यादीत पुरुषही निघाले, १४,२९८. त्यांच्या नावावर गेलेले २१ कोटी ४४ लाख रुपये वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. ४६,००० कोटींत २१ कोटी म्हणजे रुपयात पैशाचा विसावा भाग. चोरी ती चोरीच, पण गाजली ती बारकी. त्या २६ लाखांचा हप्ता मात्र वर्षाला पावणेपाच हजार कोटींचा. मतदानाआधी यादी फुगते आणि मतदानानंतर तिची छाननी होते, यातला उलटा क्रम त्या १४,२९८ बाप्यांपेक्षा कितीतरी महाग पडला.

उदार कल्याणकारी राज्य म्हटलं की स्वीडनचं उदाहरण येतंच. सप्टेंबर १९९२ मध्ये चलन वाचवायला तिथल्या मध्यवर्ती बँकेने रात्रीपुरत्या कर्जाचा व्याजदर ५०० टक्के केला होता. पाच नव्हे, पाचशे. पुढच्या वर्षी सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांना टेकला. स्वीडनने कल्याणकारी योजनांचं जाळं फाडलं नाही. त्यांनी पेन्शन जमा-खर्चाच्या सूत्राला बांधून टाकलं: तिजोरीला झेपेनासं झालं की पेन्शनची वाढ आपोआप मंदावते. २०१० साली तर त्या सूत्राने पेन्शन खरोखर घटलं, आणि सरकार पडलं नाही. पाळणाघरं, शाळा, दवाखाने चालू राहिले आणि देश पुन्हा श्रीमंतही झाला. एक गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. तिथे जाळ्याचे पैसे मध्यमवर्ग स्वतः भरतो, खरेदीवरच्या २५ टक्के करातून आणि पगारातून. घेणारा आणि देणारा एकच, त्यामुळे हिशेब विचारणाराही तोच.

इराणमध्ये उलट झालं. ४५,५०० तोमान सुरू झाले तेव्हा त्यांची किंमत सुमारे ४५ डॉलर होती. महागाई भडकली, रक्कम मात्र वर्षानुवर्षं तीच राहिली. योजना बंद करावी लागली नाही, ती जागच्या जागी विरघळली. आपल्या १,५०० रुपयांना हाच रोग लागणार आहे. पाच टक्के महागाई धरली तर दहा वर्षांनी त्यात आजच्या ९२१ रुपयांचा माल येईल. आणि हा रोग दूर इराणात जाऊन बघायची गरज नाही. केंद्र सरकार दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या म्हाताऱ्यांना महिन्याला २०० रुपये पेन्शन देतं. २००७ पासून तो आकडा हललेला नाही. दरम्यान किमती तिपटीवर गेल्या. २००७च्या भावात मोजलं तर आज ते साठ-पासष्ट रुपये झाले. ज्याला खरोखर जाळं हवं, जो कुदळ उचलू शकत नाही, त्याच्या वाट्याला त्या जुन्या भावात दिवसाला दोन रुपये आणि काही पैसे. राज्य आपल्या पदरचे घालून ती रक्कम १,५०० करतं हे खरं, पण केंद्राने हात वर केले आहेत ते केलेच आहेत.

तेव्हा माझं मत सरळ सांगतो. जाळ्याने देश आळशी होत नाही, बुडतही नाही. नीट विणलेलं जाळं रुपयाचे सात करतं, ते आंध्रात मोजून झालं. बुडवतं ते उधारीवर विणलेलं, मतदानाच्या तारखेला बेतलेलं जाळं. महिन्याला १,५०० बाईच्या स्वतःच्या खात्यात येणं ही लहान गोष्ट नाही. नवऱ्यापुढे हात न पसरता औषध आणता येणं याची किंमत कुठल्याच अर्थसंकल्पात लिहिलेली नसते. म्हणून ती योजना मोडा असं मी म्हणणार नाही. ती कराच्या पैशावर चालवा, महागाईशी बांधा आणि यादी आधी तपासा, एवढंच.

कर म्हटला की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, पण महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. रोहयो चालवायला राज्याने १९७५ साली व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराची मजुरी भरायची आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असा तो सौदा होता. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या राज्याने कर्ज न काढता, स्वतःच्या नोकरदारांकडून पैसे घेऊन देशातली पहिली रोजगार हमी उभी केली. तो कर अजून आहे. तुमच्या पगारपत्रकावर ‘पीटी’ म्हणून दर महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. यापेक्षा जास्त घ्यायला राज्यघटनेच्या कलम २७६ची मनाई आहे, आणि ती मर्यादा १९८८ साली ठरली तेव्हापासून वाढलेली नाही. त्यामुळे आज महाराष्ट्रात महिन्याला ११,००० रुपये मिळवणारा इमारतीचा वॉचमन आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा महिन्याला ११ लाख मिळवणारा साहेब, दोघेही रोजगार हमीसाठी वर्षाला सारखाच कर भरतात: २,५०० रुपये.